परदेशातून मराठीत लिहिणारे एकत्र कसे आले : एक प्रकरण अभ्यास

१९९६ साली गणेशचतुर्थी १६ सप्टेंबरला, सोमवारी आली होती. त्या दिवशी अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू केले. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागून तेव्हा जेमतेम तेरा महिने झाले होते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा खुली केली होती, आणि दूरध्वनीच्या तारेवरून चालणारी ती जोडणी घेऊ शकणारी घरे मुंबई-पुण्यातही मोजकीच होती. म्हणजे मराठी वाचणारा मुख्य समाज जिथे राहत होता तिथे हे संकेतस्थळ उघडून पाहण्याची सोय फारशी नव्हती, आणि जिथे सोय होती तिथे मराठी माणूस विद्यापीठाच्या संगणककक्षात किंवा कंपनीच्या टेबलाशी एकेकटा बसलेला होता. इंटरनेटवरच्या मराठी लेखनाची सुरुवात अशी घरापासून दूर झाली, आणि पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत जे घडले त्यावर या सुरुवातीची छाप राहिली.

या प्रकरणात एकच प्रश्न तपासायचा आहे. वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या आणि बहुतेक वेळा टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसांचा समूह नेमका कशामुळे झाला? लेखन प्रसिद्ध करण्याची सोय झाली म्हणून समूह झाला, असे उत्तर सर्रास दिले जाते. मला ते पटत नाही. सोय तर नंतर सर्वांनाच मिळाली, तरीही अनेक ठिकाणी चार लेख येऊन पाने ओस पडली. माझ्या मते समूह बांधला तो ठरलेल्या तारखेला एकत्र मिळून पार पाडायच्या कामाने. लेखनाने फक्त त्या कामाला माणसे मिळवून दिली.

मी या प्रकरणाकडे पूर्णपणे त्रयस्थपणे पाहू शकत नाही. २००३ ते २०१४ ही अकरा वर्षे मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात होते. त्या काळात मी एक लहानसा ब्लॉग लिहिला आणि एका ऑनलाइन दिवाळी अंकाच्या मुद्रितशोधनात काही वर्षे भाग घेतला. त्या अंकाचे आणि सोबतच्या मंडळींचे नाव इथे देत नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांनी जाणीवपूर्वक टोपणनावे घेतली होती आणि तो निर्णय मोडण्याचा अधिकार मला नाही.

लिहिणारे कोण होते

परदेशातल्या मराठी माणसांच्या संस्था इंटरनेटच्या कितीतरी आधीच्या आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. गणपती, संक्रांतीचे हळदीकुंकू, कोजागरी, नाटकांचे दौरे हे सारे या मंडळांनी मोठ्या निष्ठेने चालवले आहे. परंतु मंडळाला सभागृह लागते, शनिवार-रविवार लागतो आणि मंडळ असलेल्या शहरापर्यंत पोहोचण्यासाठी गाडी लागते. शंभर मैलांवरच्या लहान गावात, बर्फ पडत असताना, गाडी चालवण्याचा परवानाही हातात नसलेल्या माणसाला मंडळ म्हणजे वर्षातून दोनदा मिळणारी गोष्ट होती.

अशी माणसे १९९८ नंतर झपाट्याने वाढली. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-१बी या कुशल परदेशी कामगारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० ठेवली होती. १९९९ आणि २००० या आर्थिक वर्षांसाठी ती १,१५,००० करण्यात आली, आणि २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,०००. सन २००० च्या तारखांच्या दुरुस्तीच्या कामासाठी आणि त्यानंतरच्या संगणकीय कामांसाठी पुण्या-मुंबईचे, नाशिकचे, औरंगाबादचे अभियंते मोठ्या संख्येने गेले. त्यांच्यासोबत एच-४ व्हिसावर त्यांचे जोडीदार गेले. या व्हिसावर नोकरी करण्याची परवानगी नव्हती, आणि त्यांपैकी काहींना ती मिळू लागली तो दिवस २६ मे २०१५ हा होता.

नोकरीच्या या बंदीकडे मराठी लेखनाच्या इतिहासात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही, आणि मला त्याची खंत वाटते. शिकलेल्या, भारतात असताना नोकरी करणाऱ्या, बँकेत किंवा महाविद्यालयात मानाने वावरलेल्या स्त्रिया एका सदनिकेत दिवसभर एकट्या होत्या. त्यांच्या हाताशी संगणक होता, वेळ होता आणि बोलायला माणूस नव्हते. मराठी संकेतस्थळांवरच्या पाककृती, प्रवासवर्णने, कथा आणि दीर्घ चर्चा यांचा मोठा भाग या दुपारींमधून आला आहे. ‘वेळ जात नाही म्हणून लिहितात’ असे त्या काळी तुच्छतेने म्हटले जाई. परंतु पगार नाही, नाव नाही, संपादक नाही, आणि तरीही आठवड्यामागून आठवडे कोणी काही वाचनीय लिहीत असेल, तर त्याला वेळ घालवणे म्हणणे अन्यायाचे आहे.

अक्षरांची अडचण

आज मोबाइलवर मराठी टंकणाऱ्याला कल्पना येणार नाही, परंतु पहिल्या दहा वर्षांत समूहाची निम्मी शक्ती देवनागरी दिसण्यात आणि उमटण्यात खर्च होत होती. १९९० च्या दशकात यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर मराठीसाठी स्वतंत्र गट होता आणि तिथे मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाई. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’सारख्या रोमन लेखनपद्धतींमुळे त्या लेखनाला काही शिस्त आली होती. मोठ्या लिपीतला एन म्हणजे ण, मोठा एल म्हणजे ळ, मोठा टी म्हणजे ट, अशी ही शिस्त. सवय झालेला वाचक ते भराभर वाचत असे, पण नव्याने आलेल्याला ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतला फरक पकडताना धाप लागे. देवनागरी फाँट होते, पण प्रत्येकाची अक्षरमांडणी वेगळी होती. एका वृत्तपत्राचा फाँट उतरवून घेतला तरी दुसऱ्या वृत्तपत्राच्या पानावर अगम्य चिन्हांची रांग दिसायची.

युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतपद्धतीत देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा होती. ती जागा घरातल्या संगणकापर्यंत पोहोचायला मात्र दशकाहून अधिक काळ गेला. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन एक चौकट निवडावी लागे आणि मूळ तबकडी घालावी लागे. कार्यालयाच्या संगणकावर तसे करण्याची मुभा नसे, आणि घरी ती तबकडी बऱ्याचदा सापडत नसे. अशा वेळी कोणीतरी आधीच्या अनुभवावरून पायऱ्या लिहून ठेवलेल्या असत. मराठी टंकण्याची साधने, म्हणजे ‘बरहा’ कसे उतरवून घ्यायचे, ‘गमभन’ कसे वापरायचे, काना-मात्रा सुटे दिसत असतील तर काय तपासायचे, याची उत्तरे तीच ती माणसे न कंटाळता पुन्हा पुन्हा देत.

इथे एका वेगळ्या समाजाचे उदाहरण आठवते. टोरांटोत राहणारे इराणी पत्रकार हुसेन देरख्शान यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये ब्लॉगरच्या मोफत सेवेवर युनिकोड वापरून फारसीत ब्लॉग कसा लिहायचा, याची सोपी माहिती फारसीत प्रसिद्ध केली. त्यानंतर थोड्याच काळात फारसी ब्लॉगांची संख्या हजारांत गेली. परदेशात बसलेल्या एका माणसाने आपल्या भाषेत लिहिलेली ‘असे करा’ ही टीप एवढे काम करू शकते. मराठीत असा एक दिवस किंवा एक लेख दाखवता येत नाही. आपल्याकडे ते काम शेकडो लहान उत्तरांमधून झाले, म्हणून ते कोणाच्या नावावर नोंदले गेलेले नाही.

या तपशिलांचा आणखी एक परिणाम नंतर लक्षात आला. ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ अशा शब्दांतला र दोन प्रकारे टंकता येतो. खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त लावून तो लिहिता येतो, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पानावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द असतात, त्यामुळे एका प्रकारे शोधले तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सापडत नाही. तसेच ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधी अ वर चंद्र चढवावा लागे आणि काही संगणकांवर त्याजागी टिंबांचे वर्तुळ उमटे. म्हणजे आज जुने लेखन शोधणाऱ्याला त्यातला काही भाग केवळ लिहिण्याच्या पद्धतीमुळे दिसणार नाही.

तारीख ठरलेले काम

मायबोलीवर ‘हितगुज’ हा गप्पांचा आणि चर्चांचा विभाग होता, ‘गुलमोहर’ हा कथा-कविता-ललित लेखनाचा, आणि ‘रंगीबेरंगी’ हा सदस्यांच्या स्वतःच्या सदराचा. गावांच्या नावाने गट होते आणि प्रत्येक सदस्याच्या पानावर ‘विचारपूस’ नावाची जागा होती, जिथे कोणीही येऊन खुशाली विचारावी. या सोयी चांगल्याच होत्या. पण माणसे एकमेकांना खऱ्या अर्थाने ओळखू लागली ती गणेशोत्सव आणि दिवाळी अंक या दोन उपक्रमांमुळे, असे माझे निरीक्षण आहे.

ऑनलाइन गणेशोत्सव ही कल्पना बाहेरून ऐकणाऱ्याला पोकळ वाटू शकते. मूर्ती नाही, मांडव नाही, आरतीचा गजर नाही. प्रत्यक्षात तो दहा दिवसांचा भरगच्च कार्यक्रम असे. पाककृतींच्या स्पर्धा असत, लेखनाचे विषय दिलेले असत, लहान मुलांच्या चित्रांना वेगळी जागा असे, आणि ‘झब्बू’ असे. झब्बू म्हणजे दिलेल्या विषयावर एकाने प्रकाशचित्र टाकायचे आणि त्यावर दुसऱ्याने आपले टाकायचे. पत्त्यांच्या खेळातला शब्द उचलून केलेला हा खेळ इतका सोपा होता की एरवी कधीही न लिहिणारी, नुसती वाचत बसणारी, म्हणजे ‘रोमात’ (‘रीड ओन्ली मोड’मध्ये) असलेली माणसे त्यात पहिल्यांदा हात घालत. या सगळ्याच्या मागे दरवर्षी नवे संयोजक मंडळ असे आणि त्यात मुद्दाम वेगवेगळ्या देशांतली माणसे घेतलेली असत. घोषणा कोणी लिहायच्या, प्रवेशिका कोणी तपासायच्या, निकाल कोणत्या वेळी लावायचा, हे ठरवताना त्यांची जी पत्रापत्री होई, तिच्यातून झालेल्या ओळखी पुढे वर्षानुवर्षे टिकल्या.

दिवाळी अंकाचे काम याहून कठीण होते, आणि ते मी जवळून पाहिले. आमच्या लहान मंडळात एक सिंगापूरची, एक पुण्याच्या काकू, एक न्यू जर्सीचा आणि मी असे चौघे मुद्रितशोधनाला होतो. सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. ओहायोचे उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. त्यामुळे मजकूर संध्याकाळी सिंगापूरहून पुण्याला, पुण्याहून माझ्याकडे, आणि माझ्या रात्री पुन्हा सिंगापूरच्या सकाळीकडे असा फिरत राही. २००७ च्या वर्षी अमेरिकेने घड्याळे मागे घेण्याची तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी नेली होती. तो दिवस ४ नोव्हेंबरचा होता आणि लक्ष्मीपूजन ९ तारखेला होते. आम्ही माझ्या सकाळी साडेदहाची वेळ ठरवली होती, म्हणजे काकूंच्या हिशेबाने रात्रीचे आठ. माझे घड्याळ त्या पहाटे मागे गेले आणि माझे साडेदहा त्यांच्या नऊ वाजता आले. तासभर त्या संगणकापुढे बसून होत्या. मी आले तेव्हा त्यांनी एवढेच लिहिले होते, ‘‘बरी आहेस ना ग? आजारी पडलीस की काय, अशी काळजी लागली.’’ मी वेळेचा घोळ सांगितला. त्यावर त्यांचे उत्तर आले, ‘‘मग ठीक. कवितांची पाने मी तोवर उरकली आहेत. तू अठरापासून पुढे घे.’’

त्या रात्री आम्ही एका दीर्घकथेतले अनुस्वार लावले. ‘केलं’ आणि ‘केले’ यांपैकी निवेदनात काय आणि संवादात काय ठेवायचे, यावर लेखकाला तीन पत्रे गेली. लेखक दुबईत होता. त्याला निवेदनातही ‘केलं’च हवे होते, कारण गोष्ट सांगणारा माणूस बोलल्यासारखा वाटला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. या वादाने कोणाचे काही बिघडले नाही. उलट त्याच्या पुढच्या दोन कथा प्रसिद्ध होण्याआधी आमच्याकडे वाचायला आल्या. कोणाच्या लेखनाला ‘छान’ म्हणणे एक गोष्ट आहे आणि त्याच्या वाक्यातल्या अनुस्वारासाठी रात्री जागणे दुसरी. समूह ज्याला म्हणतात तो या दुसऱ्या गोष्टीतून तयार होताना मी पाहिला आहे.

नव्याने असा समूह उभारू पाहणाऱ्यांना म्हणूनच मी नेहमी एक गोष्ट सांगते. आधी पंचांग पाहा आणि एक तारीख धरा. सदस्यसंख्या, रचना, बोधचिन्ह या गोष्टी नंतरही जमतात. गुढीपाडव्याला बारा लेखांचा अंक काढायचा असे ठरले, की संपादन कोण करणार, चित्रे कोण काढणार, उशीर करणाऱ्याला कोण फोन करणार हे प्रश्न आपोआप उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे देणारी माणसे हाच त्या समूहाचा गाभा ठरतो.

स्वतःचे घर आणि ‘खो’

ब्लॉगरची सेवा ऑगस्ट १९९९ मध्ये सुरू झाली होती आणि फेब्रुवारी २००३ मध्ये ती गूगलने घेतली. २००५ च्या आसपास युनिकोड सवयीचे झाल्यावर मराठी ब्लॉग भराभर निघू लागले, आणि त्यांत परदेशस्थांचा वाटा लक्षणीय होता. संकेतस्थळावर लिहिणे म्हणजे चार जणांच्या कट्ट्यावर बोलणे होते. ब्लॉग हे स्वतःचे घर होते, जिथे काय ठेवायचे आणि कोणाला उत्तर द्यायचे हे आपण ठरवायचे. पण घरे सुटी असतात. लिहिलेले कोणी वाचले की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

ही घरे जोडण्याचे दोन उपाय झाले. ‘मराठी ब्लॉगविश्व’ या संकलकावर आपला ब्लॉग नोंदवला की नवा लेख पडल्याबरोबर त्याचे शीर्षक तिथल्या यादीत वर येई. अनेक ब्लॉगांच्या कडेला त्याचे चिन्ह लावलेले असे. दुसरा उपाय लिहिणाऱ्यांनी स्वतः काढला, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. त्याचे नाव ‘खो’. एखाद्याने आवडत्या पुस्तकांबद्दल किंवा पाठ असलेल्या कवितेबद्दल लिहायचे आणि शेवटी तीन-चार ब्लॉगांची नावे घेऊन त्यांना खो द्यायचा. ज्याला खो मिळाला त्याने त्याच विषयावर आपल्या घरी लिहायचे आणि पुढे खो द्यायचा. इंग्रजी ब्लॉगांवर यासारखा प्रकार आधीच चालत होता. मराठीत आल्यावर मात्र त्याला मैदानावरचा नियम लागू झाला, म्हणजे खो मिळाल्यावर बसून राहता येत नाही. लॉस एंजेलिसच्या माणसाने दिलेला खो डोंबिवलीत जाई, तिथून मेलबर्नला, तिथून बेळगावला. आठवड्याभरात वीस-पंचवीस अनोळखी माणसे एकाच प्रश्नाची उत्तरे देताना दिसत, आणि प्रत्येक उत्तराखाली आधीच्यांपैकी कोणीतरी येऊन बोलून गेलेले असे.

मला मिळालेला पहिला खो वाचनाचा होता. लहानपणी घरात कोणती मासिके येत, असा त्याचा विषय होता. मी दोन परिच्छेद लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली नऊ प्रतिक्रिया होत्या, त्यांतली एक माझ्याच गावच्या वाचनालयात जाणाऱ्या बाईंची. त्या तेव्हा नॉर्वेत राहत होत्या. वाचनालयाच्या ग्रंथपालांची पुस्तके देताना पुस्तकाच्या पाठीवर दोनदा टिचकी मारण्याची सवय त्यांनी लिहिली होती, आणि मी ती पूर्ण विसरले होते.

‘इकडे’ म्हणजे कुठे

समूह वाढला तसा एक शब्द अडचणीचा झाला. तो शब्द ‘इकडे’. सुरुवातीच्या काळात ‘इकडे पालेभाज्या ताज्या मिळत नाहीत’ असे कोणी लिहिले की त्याचा अर्थ अमेरिकेत असा सर्वांना कळे, कारण वाचणारेही बहुतेक तिथलेच. २००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली, घरोघरी जोडण्या पोहोचल्या, आणि दोन-तीन वर्षांत चर्चांमधला तोल फिरला. आता ‘इकडे’ म्हणजे सांगली किंवा ठाणे असणारे वाचक संख्येने अधिक झाले. परदेशस्थांच्या लेखनातल्या ‘इकडे’मध्ये त्यांना तुलना दिसे आणि तुलनेत बढाई. उलट घरच्यांच्या ‘तुम्हाला इथले काय कळणार’ या वाक्याने परदेशस्थ दुखावत. निवडणुका, आरक्षण, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांची देखभाल, कोणताही विषय शेवटी या वळणावर येई. शेवटच्या विषयावरचे वाद फार कडू असत, कारण तिथे दोन्ही बाजूंची माणसे खरोखर दुखावलेली होती.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून परदेशस्थांसाठी वेगळे, बंद गट काढण्यात आले. माझ्या पाहण्यातले असे गट फार टिकले नाहीत. व्हिसा, घरखरेदी, भारतात परतावे की नाही, हे विषय वर्षभरात संपतात आणि मग तेच तेच फिरत राहते. लिहिणाऱ्याला वाचक हवा असतो, आणि मराठीत लिहिणाऱ्याचा मोठा वाचक महाराष्ट्रातच आहे. ज्यांनी दार उघडे ठेवले आणि भांडणे सोसली, त्यांच्याकडे लेखन येत राहिले. मायबोलीवर पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या आसपास होणारा ‘वर्षाविहार’ परदेशातली मंडळी सुट्टीच्या तारखा जुळवून गाठत असत. टोपणनावामागचा माणूस भजी खाताना एकदा पाहिला की त्याच्याशी पुढच्या वादात भाषा जरा सांभाळली जाते, हे मी कितीतरी वेळा पाहिले.

टोपणनावांचा विषयही इथेच येतो. खोटी जादा नावे घेऊन, म्हणजे ‘डुआयडी’ काढून, स्वतःलाच पाठिंबा देणारे किंवा दुसऱ्याला छळणारे लोक होते, आणि त्यांना आवरण्यात चालकांचा फार वेळ गेला. तरीही टोपणनावांवर बंदी घालावी असे मला कधी वाटले नाही. सासरच्या माणसांना, नवऱ्याच्या कार्यालयातल्या लोकांना कळू न देता लिहिण्याची गरज असलेल्या स्त्रिया त्या आडोशामुळेच लिहू शकल्या.

पांगापांग आणि मागे राहिलेले

अनेक ब्लॉगांवरचे नवे लेख एका जागी दाखवणारे गूगल रीडर हे साधन १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. अनेक मराठी ब्लॉगांचे नियमित वाचक त्याच्या आधारे टिकून होते. लिहिणारे त्याआधीच फेसबुककडे वळू लागले होते, कारण तिथे प्रतिसाद काही मिनिटांत मिळत असे, आणि नंतर व्हॉट्सॲप आल्यावर लेखकाचे नाव गळून पडलेले उतारे फिरू लागले. माझ्या यादीतल्या साठ-सत्तर ब्लॉगांपैकी आज नियमाने लिहिले जाणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके आहेत. मायबोली मात्र चालू आहे. तिथे अजून गणेशोत्सव होतो. याचे कारण मी वर सांगितलेच आहे. ज्या ठिकाणी वर्षाचे काम बांधलेले होते ते ठिकाण उरले, आणि जिथे नुसते लिहिणे-वाचणे होते तिथली माणसे सोयीप्रमाणे दुसरीकडे गेली.

जतनाकडे या सगळ्यात दुर्लक्ष झाले, आणि त्यात माझाही दोष आहे. जिओसिटीजची मोफत पाने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. अशा मोफत जागांवर सुरुवातीच्या काळात कितीतरी हौशी लेखन ठेवलेले असे. ब्लॉगांमधली छायाचित्रे ज्या मोफत सेवांवर ठेवली होती त्यांतल्या काही बंद पडल्या, आणि लेखांत आता रिकाम्या चौकटी दिसतात. आपल्या जुन्या लेखनाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि एक आर्काइव्ह.ऑर्ग या संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात जतन करावी, हे काम एका संध्याकाळचे आहे. ज्यांचे ब्लॉग अजून उघडतात त्यांनी ते लगेच करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझा ब्लॉग २०११ पासून बंद आहे, पण तो मी काढून टाकलेला नाही. त्यावर चकलीच्या भाजणीबद्दल २००६ सालचा एक लेख आहे. चार भाग तांदूळ, दोन भाग चणाडाळ, एक भाग उडीदडाळ, वर मूठभर पोहे आणि धणे-जिरे. भाजताना धुराची सूचना देणारी घंटा वाजते म्हणून खिडकी आधी उघडून ठेवा, आणि गिरणी नसल्यामुळे कॉफी दळायच्या यंत्रात थोडे थोडे दळून दोनदा चाळा, असे त्यात लिहिले आहे. गेल्या दिवाळीच्या आधी त्याखाली जर्मनीतल्या कोणा मुलीने विचारले होते की पिठात घालायच्या पाण्याचे माप जे कपात दिले आहे तो कप कुठला धरायचा. मला ते दहा दिवसांनी दिसले. तोपर्यंत उत्तर आलेले होते. दुसऱ्याच कोणीतरी, टोपणनावाने, लिहिले होते : अमेरिकेतला कप, सुमारे २४० मिलिलिटर, पण पाणी एकदम सगळे घालू नकोस, तुमच्याकडचा तांदूळ वेगळा असेल.